धरून ठेवणाऱ्या आणि सुटणाऱ्या पेशी : मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील आसंजन रेणू



कर्करोग म्हणजे पेशींची बेबंद वाढ, ही व्याख्या शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून वर्तमानपत्राच्या आरोग्य-पुरवणीपर्यंत सर्वत्र आढळते, आणि ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. मोठ्या आतड्यातली गाठ आकाराने मोठी असली तरी जोवर ती आपल्या जागी आहे तोवर शल्यविशारद ती बहुधा काढू शकतो. रोगी दगावतो तो प्रामुख्याने यकृतात, फुप्फुसांत किंवा पोटाच्या आतील आवरणावर जाऊन वसलेल्या पेशींमुळे. मग ज्या पेशी निर्माण झाल्या क्षणापासून शेजारच्या पेशींना घट्ट धरून असतात, त्या सुटतात कशा? सुटल्यावर मरून न जाता जगतात कशा? आणि दूरच्या परक्या अवयवात पोचल्यावर पुन्हा कोणाला धरतात? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या रेणूंपाशी शोधावी लागतात त्यांना आसंजन रेणू म्हणतात. पेशीच्या पटलातून बाहेर डोकावणारी आणि पेशीला पेशीशी, किंवा पेशीला तिच्या खालच्या आधाराशी, बांधून ठेवणारी ही प्रथिने आहेत.

या रेणूंकडे वळण्यापूर्वी मोठ्या आतड्याचे अस्तर कसे असते ते पाहणे आवश्यक आहे, कारण हा अवयव मुळातच धरण्या-सोडण्याच्या शिस्तीवर चालतो. सुमारे दीड मीटर लांबीच्या या नळीच्या आतल्या बाजूस लाखो सूक्ष्म खळगे असतात, प्रत्येक खळग्याच्या तळाशी मूलपेशी म्हणजे सतत विभागत राहून नव्या पेशी निर्माण करणाऱ्या पेशी असतात, आणि या नव्या पेशी खळग्याच्या भिंतीवरून वर सरकत साधारण चार-पाच दिवसांत काठाशी पोचतात व तेथून आतड्याच्या पोकळीत झडून जातात. म्हणजे निरोगी माणसाच्या आतड्यातही अस्तर रोज सुटते आणि रोज नव्याने बांधले जाते. येथल्या प्रत्येक पेशीला शेजारच्या पेशीला धरून राहायचे असते, धरून असतानाच वर सरकायचे असते, आणि ठरल्या ठिकाणी हात सोडून मरायचे असते. कर्करोगाची पेशी यातला कोणता नियम मोडते? फक्त धरण्याचा? की ठरल्या ठिकाणी मरण्याचाही? दोन्ही मोडते, असे उत्तर पुढे दिसेल.

आसंजन रेणूंची प्रमुख घराणी चार मानली जातात. कॅडहेरिन पेशीला पेशीशी बांधतात; इंटेग्रिन पेशीला तिच्या खालच्या आधारपटलाशी, म्हणजे अस्तराखाली पसरलेल्या प्रथिनांच्या पातळ थराशी, बांधतात; सिलेक्टिन रक्तवाहिन्यांच्या आतील भिंतीवर येऊन वाहत्या पेशींना क्षणभर थोपवतात; आणि चौथे घराणे प्रतिपिंडांसारखी घडण असलेल्या रेणूंचे आहे. या चारांत न बसणारा एपकॅम नावाचा एक रेणू आहे, त्याचा विचार नंतर येईल. कोकणातील श्रोत्यांना चिरेबंदी भिंतीची उपमा येथे सहज सुचेल, चिरे म्हणजे पेशी आणि सांध्यातला चुना म्हणजे आसंजन रेणू. परंतु ही उपमा अर्ध्या वाटेवरच सोडावी लागते, कारण चुना चिऱ्याला काही सांगत नाही आणि आसंजन रेणू पेशीला सतत काहीतरी सांगत असतात. त्यांचे एक टोक बाहेर शेजारच्या पेशीला धरून असते आणि दुसरे टोक पेशीच्या आत निरोप पोचवत असते. या दुहेरी कामामुळेच सांधा ढिला झाला की पेशीचे वागणे आतून बदलते, आणि आजच्या विषयाचे मर्म याच गोष्टीत आहे.

सर्वांत जास्त अभ्यास झालेला रेणू म्हणजे ई-कॅडहेरिन. जपानमधील क्योटो येथे मासातोशी ताकेइची यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून केलेल्या कामातून असे दिसले की पेशींमधील काही बंध कॅल्शियमवर अवलंबून असतात, कॅल्शियम काढून घेतले की पेशी विलग होतात, आणि हे काम करणारी प्रथिने वेगळी काढून ओळखता येतात. ई-कॅडहेरिनचे बाहेरचे टोक शेजारच्या पेशीवरील आपल्याच जातीच्या रेणूला धरते, तर आतले टोक बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाला पकडते, आणि त्याच्यामार्फत पेशीचा आतला सांगाडा व बाहेरचा सांधा एकमेकांशी जोडला जातो. आता बीटा-कॅटेनिनचे दुसरे काम पाहावे. सांध्यावरून मोकळे असलेले बीटा-कॅटेनिन पेशीकेंद्रात गेले तर ते विभाजनाची जनुके सुरू करते. म्हणून निरोगी पेशी हे मोकळे प्रथिन तातडीने नष्ट करत राहते, आणि नष्ट करणाऱ्या यंत्रणेचा एक मुख्य घटक म्हणजे एपीसी नावाचे प्रथिन. एपीसीचे जनुक १९९१ मध्ये सापडले, ते ज्या कुटुंबांत जन्मतः बिघडलेले असते तेथे तरुणपणीच आतड्यात शेकडो-हजारो अंकुर उगवतात, आणि एपीसी बीटा-कॅटेनिनला धरते हे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. कोणताही आनुवंशिक इतिहास नसलेल्या रुग्णांतही, मोठ्या आतड्याच्या पाचांपैकी जवळपास चार गाठींत हेच जनुक बिघडलेले आढळते.

म्हणजे जे प्रथिन पेशींना एकत्र बांधते तेच, जागा बदलली की, पेशींना वाढण्याचा हुकूम देते. निसर्गाने ही दोन कामे एकाच प्रथिनाकडे का सोपवली असावीत? कदाचित काटकसर म्हणून. पण या काटकसरीची किंमत आतड्याला चुकवावी लागते, एवढे मात्र निश्चित.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. एपीसी बिघडले म्हणून सांधे लगेच सुटत नाहीत. पॉलिप, म्हणजे अस्तरातून उगवलेला अंकुर, बऱ्याचदा दहा वर्षे किंवा अधिक काळ तसाच राहतो, त्याच्या पेशी वाढतात पण एकमेकींना धरूनही असतात, आणि म्हणूनच कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करताना तो तारेच्या फासाने कापून काढला की प्रश्न तेथेच मिटतो. सुटण्याचा प्रसंग पुढे येतो आणि तो गाठीच्या मध्यभागी न घडता तिच्या पुढच्या कडेवर घडतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर गाठीच्या मध्यावर पेशी बऱ्यापैकी शिस्तीत, नळ्यांच्या आकारात मांडलेल्या दिसतात. कडेवर मात्र एकेकट्या, किंवा जास्तीत जास्त चार-चारच्या, पेशी मुख्य गाठीपासून तुटून पुढच्या ऊतींत घुसलेल्या आढळतात. या पेशींत ई-कॅडहेरिन कमी झालेले असते आणि बीटा-कॅटेनिन पेशीकेंद्रात जमलेले असते. विकृतिशास्त्रज्ञ या दृश्याला बडिंग म्हणतात, आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी त्याच्या मोजणीची रीत ठरवली : ०.७८५ चौरस मिलिमीटर क्षेत्रात असे पुंजके चारपर्यंत असतील तर कमी, पाच ते नऊ असतील तर मध्यम, आणि दहा किंवा अधिक असतील तर जास्त. गाठ काढल्यानंतर मिळणाऱ्या रिपोर्टमध्ये ही ओळ असते तेव्हा ती वस्तुतः आसंजन रेणूंचीच मोजदाद असते, मात्र तिच्यासाठी कोणताही रेणू प्रत्यक्ष मोजावा लागत नाही, नेहमीच्या रंगवलेल्या काचपट्टीवर ती होते. साध्या साधनांतून एवढी माहिती देणाऱ्या चाचण्या वैद्यकात फार नाहीत.

ई-कॅडहेरिन नाहीसे कसे होते, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांत १९९८ मध्ये असे दिसले की हे जनुक जन्मतः बिघडलेले असेल तर पिढ्यान् पिढ्या जठराचा विखुरलेल्या पेशींचा कर्करोग होतो. मोठ्या आतड्यात मात्र हे जनुक सहसा मोडत नाही, ते गप्प केले जाते. स्नेल, झेब अशी नियंत्रक प्रथिने त्याच्यावर बसतात किंवा त्याच्या सुरुवातीच्या भागावर रासायनिक खुणा चढवून ते बंद ठेवले जाते. मोडलेली वस्तू दुरुस्त होत नाही, गप्प केलेली वस्तू पुन्हा बोलू शकते. आतड्यातून सुटलेली पेशी यकृतात पोचल्यावर पुष्कळदा ई-कॅडहेरिन पुन्हा बनवू लागते आणि तेथे पूर्वीसारख्या नळ्यांची मांडणी करू लागते, याचे कारण हेच.

हा सगळा विषय जगभराचा आहे, तर महाराष्ट्राने त्याकडे विशेष लक्ष का द्यावे? भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे, हे खरे. परंतु परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने प्रसिद्ध केलेल्या रुग्णमालिकांत दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. एक, रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या अलीकडचे आहे, तर पाश्चात्त्य देशांत ते साठीच्या पुढे असते. दोन, सिग्नेट रिंग नावाचा प्रकार, जो पाश्चात्त्य मालिकांत शंभरात एखाद्या रुग्णात आढळतो, तो येथे शंभरात दहाहून अधिक रुग्णांत दिसला आहे. या प्रकारात पेशी श्लेष्माने इतकी तुडुंब भरते की पेशीकेंद्र एका बाजूला दाबले जाऊन ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते. आणि या पेशी नळ्या बनवत नाहीत, गाठही नीट बनवत नाहीत, एकेकट्या सुट्या आतड्याच्या भिंतीत पसरतात व पोटाच्या आवरणावर जातात. त्यांच्यात ई-कॅडहेरिनचा बंध फार वेळा ढासळलेला आढळतो. तेव्हा आसंजन रेणूंचा प्रश्न परदेशी प्रयोगशाळांना कुतूहलाचा वाटत असेल, येथे तो तिशी-चाळिशीतल्या रुग्णाच्या खाटेपाशी उभा आहे.

या तरुण रुग्णांबाबत एक गोष्ट ओघात सांगितली पाहिजे. शौचावाटे रक्त जाणे हे मूळव्याधीचे लक्षण मानून महिनोन् महिने मलमे, चूर्णे आणि घरगुती उपाय चालतात, आणि रुग्ण जितका तरुण तितका हा काळ लांबतो, कारण एवढ्या वयात कर्करोग कसा असेल, असे सर्वांनाच वाटते. मूळव्याध खरोखरच जास्त आढळते, त्यामुळे हा समज अगदी निराधार म्हणता येत नाही. तरीही गुदद्वारात बोट घालून केलेली दोन मिनिटांची तपासणी मलाशयातल्या खालच्या गाठींपैकी बऱ्याच गाठी उघड करते, आणि तिला ना यंत्र लागते ना मुंबईची वारी.

आता माणगावच्याच रायगड जिल्ह्यातील एका कामाकडे वळता येईल. पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे, जिला ॲक्ट्रेक या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. तेथे सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने ई-कॅडहेरिनच्या शेजारी असणाऱ्या दुसऱ्या एका सांध्याचा अभ्यास केला. पेशींमध्ये डेस्मोसोम नावाचे बटणासारखे सांधे असतात; त्यांचे बाहेरचे हात कॅडहेरिन घराण्यातलेच असतात, पण आतल्या बाजूस ते केराटिनच्या, म्हणजे केस आणि नखे ज्या प्रथिनाची असतात त्याच जातीच्या, तंतूंना जोडलेले असतात, आणि या जोडणीत प्लॅकोफिलिन-३ नावाचे प्रथिन असते. आतड्याच्या घुसखोर गाठींत हे प्रथिन कमी झालेले दिसते, हे आधीच ज्ञात होते. परंतु कमी झालेले दिसणे आणि कमी झाल्यामुळे रोग बळावणे यांत फार अंतर आहे. गाठ पसरते म्हणून प्रथिन कमी होते, की प्रथिन कमी होते म्हणून गाठ पसरते?

याचे उत्तर काढण्यासाठी खारघरच्या प्रयोगशाळेने एचसीटी-११६ नावाच्या, मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून मिळालेल्या आणि जगभर प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या पेशी घेतल्या, आणि त्यांच्यातील केवळ प्लॅकोफिलिन-३ बनणे बंद केले. मग त्या पेशी द्रवाच्या लोंबत्या थेंबात ठेवल्या. ही कसोटी दिसायला साधी पण अतिशय बोलकी आहे : थेंबाच्या तळाशी पेशींना धरायला दुसरे काही नसते, त्यामुळे त्या एकमेकींनाच धरून पुंजके करतात, आणि पुंजके हलवून फुटतात की टिकतात यावरून बंधाचे बळ कळते. प्लॅकोफिलिन-३ नसलेल्या पेशींचे बंध दुबळे निघाले; इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे डेस्मोसोम आकाराने लहान दिसले; या पेशी जास्त वेगाने सरकू लागल्या; प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत त्यांच्या गाठी लवकर वाढल्या आणि त्या फुप्फुसांत अधिक पसरल्या. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकच दुवा काढला, बाकी सर्व तसेच ठेवले, आणि पेशी पसरू लागल्या. कारण आणि परिणाम यांचा क्रम याहून स्वच्छ दाखवणे कठीण आहे.

त्यापुढे याच प्रयोगशाळेने असे दाखवले की हा सांधा ढिला झाला की पेशीत लिपोकॅलिन-२ नावाचे प्रथिन वाढते, जे लोहाची ने-आण करणाऱ्या रेणूंना बांधते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात हे प्रथिन वाढलेल्या आतड्याच्या कर्करोग पेशी फ्लुओरोयुरासिलला, म्हणजे या रोगात अनेक दशके वापरल्या जाणाऱ्या मुख्य केमोथेरपीच्या औषधाला, दाद देईनाशा होतात असे आढळले, कारण लोहामुळे घडून येणारा पेशीमृत्यू त्या टाळू शकतात. आणि उंदरांत लिपोकॅलिनविरुद्धचे प्रतिपिंड दिल्यावर औषधाचा परिणाम पुन्हा वाढला. म्हणजे सांध्याचे ढिले होणे केवळ प्रसाराशी निगडित नसून उपचाराला न जुमानण्याशीही जोडलेले आहे. भिंतीची उपमा येथे केव्हाच मागे पडते.

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की आसंजन रेणू कमी होणे म्हणजे रोग, आणि जास्त असणे म्हणजे आरोग्य. मग या रोगातला सर्वांत प्रसिद्ध आसंजन रेणू कर्करोगात वाढतो, हे कसे? १९६५ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी एकाच रुग्णाच्या आतड्याचा निरोगी भाग आणि गाठीचा भाग शेजारी ठेवून तुलना केली, आणि गाठीत मुबलक असणारा एक पदार्थ शोधला, जो गर्भाच्या आतड्यातही असतो. त्यालाच सीईए म्हणतात. जवळपास पाव शतक तो केवळ खूण म्हणून ओळखला गेला. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्याच संशोधकांनी दाखवले की सीईए पेशींना एकमेकींशी चिकटवणारा रेणू आहे. निरोगी पेशीत तो फक्त वरच्या, पोकळीकडे तोंड असलेल्या पृष्ठभागावर असतो, जेथे धरायला शेजारची पेशी नसतेच. कर्करोगाच्या पेशीत तो चहूबाजूंनी पसरतो, भलत्या ठिकाणी चिकटतो, पेशींची शिस्तशीर मांडणी बिघडवतो, आणि आधारापासून सुटलेल्या पेशीला जो मृत्यू यायला हवा तोही अडवतो. निरोगी पेशी आधार सुटला की मरते, इंटेग्रिनकडून येणारा जगण्याचा निरोप थांबतो म्हणून; ही घटना १९९४ मध्ये वर्णिली गेली. सुटी कर्करोग पेशी त्या मृत्यूतून निसटते, पोर्टल शिरेतून वाहत थेट यकृतात पोचते, आणि तेथील कुपफर नावाच्या भक्षक पेशी तिच्या सीईएला ओळखतात. रक्तवाहिनीच्या भिंतीवरील सिलेक्टिन तिला ज्या शर्करा-खुणेवरून थोपवतात, तिचीच रक्तातील मोजणी सीए १९-९ या नावाने होते. तेव्हा कमी-जास्त हा प्रश्न पुरेसा नाही. रेणू कोठे आहे आणि कोणाला धरतो आहे, हे विचारावे लागते.

एपकॅमची गोष्ट तर उपचाराच्या अंगाने सांगण्यासारखी आहे. आतड्याच्या कर्करोग पेशींवर तो भरपूर असतो, म्हणून त्याच्याविरुद्ध १७-१ए नावाचे उंदराचे प्रतिपिंड तयार झाले, १९९४ च्या जर्मनीतील चाचणीत त्याने मृत्यू घटवल्याचे दिसले, १९९५ मध्ये तेथे त्याला परवानगी मिळाली, आणि २००२ मधील मोठ्या चाचणीत ते केमोथेरपीहून सरस ठरले नाही. औषध म्हणून ते मागे पडले. पण आमिष म्हणून एपकॅम टिकून राहिला. एपकॅमला पकडणारी प्रतिपिंडे चुंबकीय कणांवर बसवून रक्तात फिरणाऱ्या कर्करोग पेशी वेचता येतात, आणि पुण्यातील ॲक्टोरियस या कंपनीची ऑन्कोडिस्कव्हर चाचणी याच तत्त्वावर उभी आहे. अर्थात ज्या पेशीने आपला एपकॅमही टाकून दिला असेल ती या जाळ्यात सापडत नाही, आणि सर्वांत निसरड्या पेशी बहुधा त्याच असतात.

घाईने काढलेल्या निष्कर्षांचे काय होते, याचा नमुना म्हणजे डीसीसी. १९९० मध्ये आतड्याच्या कर्करोगात अठराव्या गुणसूत्रावरील जो भाग वारंवार गळालेला दिसतो तेथे हे जनुक सापडले, त्याची घडण चेतापेशींच्या आसंजन रेणूसारखी होती, आणि आसंजन सुटल्याने कर्करोग होतो याचा हा पुरावाच, असे अनेकांना वाटले. १९९६ मध्ये उघड झाले की डीसीसी मुख्यतः नेट्रिन नावाच्या रेणूचा ग्राहक आहे आणि गर्भावस्थेत चेतातंतूंना वाट दाखवण्याचे काम करतो. शिवाय त्याच भागात स्मॅड-४ नावाचे दुसरे महत्त्वाचे जनुकही निघाले. डीसीसी निर्दोष ठरला असे नाही, पण आसंजनाचा साक्षीदार म्हणून त्याला उभे करणे अवघड झाले. रूप सारखे म्हणून काम सारखे, हा तर्क रेणूंच्या बाबतीत वारंवार फसतो.

राहिला प्रश्न तपासणीचा, जो या सभागृहातील बहुतेकांच्या मनात असेल. सीईए रक्तात मोजता येतो, तर मग प्रत्येकाने तो वर्षातून एकदा का मोजू नये? कारण मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम ही नेहमीची मर्यादा धूम्रपान करणाऱ्यांत आणि यकृताच्या काही आजारांत कर्करोगाशिवायही ओलांडली जाते, आणि सुरुवातीच्या गाठीत, जेव्हा शोध लागणे सर्वांत मोलाचे असते, तेव्हा तो पुष्कळदा वाढलेलाच नसतो. रोग शोधण्यासाठी शौचातील सूक्ष्म रक्ताची चाचणी आणि कोलोनोस्कोपी हेच मार्ग आहेत. सीईएचा खरा उपयोग गाठ काढल्यानंतर होतो : शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत तो खाली यावा, आणि पुढे पहिली दोन-तीन वर्षे साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी केलेल्या मोजणीत तो हळूहळू चढू लागला तर यकृतात किंवा अन्यत्र रोग परतल्याची शंका घ्यावी, कारण यकृतातील मोजके डाग वेळीच दिसले तर तेही कापून काढता येतात. ही चढण ओळखण्यासाठी तुलनेला पहिला आकडा लागतो, आणि तो शस्त्रक्रियेच्या आधी घेतलेला असावा लागतो. माणगावचा रुग्ण ऑपरेशन मुंबईत करून पुढची तपासणी गावाजवळ करत असेल, तर हा पहिला आकडा मुंबईच्या फायलीत न राहता त्याच्या स्वतःच्या कागदांत असणे गरजेचे असते, आणि शक्यतो पुढच्या मोजण्याही एकाच पद्धतीच्या प्रयोगशाळेत व्हाव्या लागतात, कारण निरनिराळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी नेमके जुळत नाहीत.